गौरीचे हात

कोकणात गौरी यायच्या आदल्या दिवशी आजी आम्हां मुलांना वाडीमागच्या कुंपणाकडे न्यायची. तिथे कळलावीचा वेल पानांच्या वळलेल्या टोकांनी झुडपांना धरून चढलेला असे. पिवळट उमलून पुढे लालभडक होणाऱ्या तिच्या फुलांना आमच्याकडे ‘गौरीचे हात’ म्हणतात. फुले खुडायला परवानगी होती. कंदाला हात लावला, की पाठीत धपाटा!

कळलावी घरात आणली तर भांडणे लागतात, अशी एक समजूत आहे. पण तिचा खरा संबंध बाळंतपणाच्या कळांशी. बाई अडली, की सुइणी हा कंद उगाळून लेप देत. आयुर्वेद तिला ‘लांगली’ म्हणतो आणि उपविषांत गणतो. शोधन केल्यावाचून तिचा उपयोग सांगत नाही.

ही सावधगिरी मला उशिरा कळली. एका मार्गशीर्षात, वेल वाळून गेल्यावर, मी तिथलेच कंद कणगरे समजून उकरले आणि शेजारच्या काकूंना नेऊन दिले. त्यांनी ते उकडून खाल्ले. काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू झाले. तालुक्याला नेले म्हणून काकू वाचल्या. पण पंधरवड्याने फणीबरोबर केसांचे पुंजके येऊ लागले. कंद कोणी आणले, हे त्यांनी आजीला शेवटपर्यंत सांगितले नाही.

ह्या विषाचे नाव कोल्चिसिन. पेल्तिए व कावंतू ह्या फ्रेंच रसायनज्ञांनी १८२० साली ते कोल्चिकम ह्या युरोपातील वनस्पतीतून वेगळे काढले. ते पेशींचे विभाजन थांबवते. म्हणून जिथे पेशी झपाट्याने वाढतात, ती आतडी आणि केसांची मुळे आधी सापडतात. त्यावर हमखास उतारा नाही. मात्र मोजून दिले, तर तेच गाऊटची सूज उतरवते. औषधासाठी तमिळनाडूत कळलावीची शेती होते. ते त्या राज्याचे राज्यपुष्पही आहे.

वाचकहो, बागेत कळलावी जरूर लावा. पण मुलांना कंद ओळखायला शिकवा. चुकून कोणी खाल्लाच, तर त्रास होण्याची वाट न पाहता, उरलेला तुकडा घेऊन रुग्णालय गाठा.

आता मलाच गाऊट आहे. डॉक्टरांनी दिलेली अर्ध्या मिलिग्रॅमची कोल्चिसिनची गोळी तळहातावर घेतली, की काकूंची ती फणी डोळ्यांसमोर येते. मग चिठ्ठीवरचा आकडा मी पुन्हा एकदा वाचतो.