एक्स-रेमधली फट आणि हातातल्या मुंग्या

रिपोर्टवर ‘सी-५, सी-६ डिस्क स्पेस रिड्यूस्ड’ अशी ओळ दिसली की पोटात गोळा येतो. घरात ‘मणक्याचा प्रॉब्लेम’ निघाला म्हणून चर्चा सुरू होते, शेजारचे पट्टा लावायला सांगतात आणि चाळिशीतला धडधाकट माणूस मान वळवायलाही घाबरू लागतो. ही भीती बहुतेकदा अनाठायी असते.

एक्स-रेत हाडं दिसतात, डिस्क म्हणजे मणक्यांमधली गादी दिसत नाही. दोन मणक्यांमधल्या करड्या फटीत ती असते असं धरायचं. फट अरुंद झाली म्हणजे गादीची उंची घटली, इतकंच फिल्मवरून कळतं. गादीच्या मध्ये मऊ गर आणि भोवती चिवट तंतूंची कडी असतात. तरुणपणी त्या गरात ८० टक्क्यांच्या वर पाणी असतं आणि ते प्रोटिओग्लायकन नावाचे रेणू धरून ठेवतात. मोठ्या माणसाच्या गादीच्या आत रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. वरच्या-खालच्या हाडांतून जे पाझरेल, त्यावर तिथल्या पेशी तग धरतात. वयाबरोबर ते रेणू तुटत जातात, पाणी टिकेनासं होतं आणि गादी बसते. मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये हालचाल भरपूर, म्हणून झीजही बहुधा तिथेच आधी दिसते.

१९९० साली अमेरिकेत स्कॉट बोडेन आणि सहकाऱ्यांनी मानेची काहीच तक्रार नसलेल्या ६३ जणांचे एमआरआय प्रसिद्ध केले. चाळिशीच्या आतल्या २५ टक्के आणि चाळिशीपुढच्या जवळजवळ ६० टक्के लोकांत एखादी तरी गादी झिजलेली किंवा अरुंद होती. दुखत मात्र कुणाचंच नव्हतं! म्हणून रिपोर्टपेक्षा हात काय सांगतो ते आधी पाहावं, असं मला ठामपणे वाटतं.

गादी बसली की मणके जवळ येतात, कडांना हाड वाढतं आणि नस बाहेर पडायची वाट चिंचोळी होते. पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली नस दबली तर कळ दंडावरून अंगठ्याकडे उतरते, त्याखालची दबली तर मधल्या बोटाला मुंग्या येतात. कोणतं बोट बधिर आहे, हे डॉक्टर एवढं खोदून विचारतात ते याचसाठी. असं दुखणं बहुतेकांना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शस्त्रक्रियेविना सोडून जातं.

घाई करायची ती मज्जारज्जूच दबला असेल तर. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, अक्षर बिघडतं, चालताना पायातली चप्पल निसटते, अंधारात तोल जातो. मान अनेकदा दुखतही नाही, त्यामुळे माणसं ‘वय झालं’ म्हणत महिने काढतात. दबलेल्या रज्जूची हानी शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण भरून येईलच असं नसतं. यातलं एखादं लक्षण दिसलं, तर न्यूरोसर्जनला किंवा मणक्याच्या सर्जनला त्याच आठवड्यात गाठावं.