तांब्याची नळी सरळ करणे

तांब्याची नळी सरळ करणे ही वेटोळ्याच्या स्वरूपात मिळणारी बारीक नळी चपटी न होऊ देता सरळ करण्याची प्रक्रिया आहे. वाफेच्या इंजिनांच्या लहान चालत्या प्रतिकृतींमध्ये वाफ, पाणी व तेल वाहून नेण्यासाठी अशा नळ्या वापरतात.

तत्त्व
थंड तांबे वाकवले किंवा ठोकले की कठीण होते. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर याच गुणधर्माच्या आधारे मठारकाम करून भांड्यांना बळकटी आणतात. नळीच्या बाबतीत मात्र तो अडथळा ठरतो. वारंवार वाकवलेली नळी दुमडते किंवा तडकते.

कृती
कठीण झालेली नळी प्रथम मंद लाल होईपर्यंत, म्हणजे सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत, तापवून मऊ करतात. पोलादाप्रमाणे तांबे पाण्यात विझवल्याने कठीण होत नाही, म्हणून ते लगेच थंड करता येते. त्यानंतर नळी सपाट पृष्ठभागावर लाकडी फळीखाली लाटतात. किंवा तिची दोन्ही टोके पकडून ती किंचित ताणतात. ताणल्याने नळी सरळ होते व थोडी ताठही होते. पकडीत चपटी झालेली टोके कापून टाकतात. अधिक ताणल्यास व्यास घटून नळी जोडांत सैल बसते.