चांगलं काडतूस : कशासाठी चांगलं?



आजचा विषय वाचून काही जण नक्की दचकले असतील. उभा जन्म तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवलेला माणूस रायफलच्या काडतुसांवर काय बोलणार? तर खुलासा करतो. माझा भाचा गेली बावीस वर्षं अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात राहतो. तिथे दरवर्षी पानगळीच्या दिवसांत परवाना काढून एल्कची शिकार करतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातला प्राणी, पण अंगाने भारी. मोठा नर तीनशे किलोच्या पुढे जातो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय संपला. तिथे ती कायदेशीर आहे, आणि मांस वर्षभर घरात खाल्लं जातं. शिकार मुळात करावी का, हा प्रश्न मोठा आहे, पण तो आज घेत नाही. भाच्याला आणखी एक नाद आहे, तो म्हणजे हजार यार्डांवर टांगलेल्या पोलादी पाट्यांवर नेम मारायचा. एके रात्री त्याचा फोन आला. "मामा, दोन्हीकडे चालेल असं एकच सगळ्यात चांगलं काडतूस कोणतं? इथे दहा जण दहा नावं सांगतात."

मी म्हटलं, "चांगलं कशासाठी?" तो म्हणाला, "मामा, वर्ग घेऊ नका हो."

पण वर्ग घ्यावाच लागतो. १९५६ साली पीटर गीच या इंग्लिश तत्त्वज्ञाने एक छोटा निबंध लिहिला. त्यातला मुद्दा माझ्या शब्दांत सांगतो. 'लाल मोटार' म्हटलं की दोन गोष्टी सुट्या करता येतात: ती वस्तू लाल आहे आणि ती मोटार आहे. 'चांगला चोर' म्हटलं तर तसं तोडता येत नाही. तो चोर आहे आणि शिवाय चांगला आहे, असं कुणी म्हणेल का? 'चांगला' हा शब्द पुढच्या नामाच्या खांद्यावर हात ठेवूनच उभा राहतो. काडतुसाचं तर याहून अवघड, कारण 'काडतूस' या नामातही काम पुरतं सांगितलेलं नसतं. पाटीवर मारायचं की प्राण्यावर, हे कळल्याशिवाय 'चांगलं' या शब्दाला अर्थच येत नाही.

आता थोडी माहिती. काडतूस म्हणजे नुसती गोळी नव्हे. पितळी पुंगळी, तिच्या बुडाला पेटवणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी, असा हा चौघांचा संसार. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. भाच्यापुढे मुख्यतः तीन नावं होती. पहिलं .३०८ विंचेस्टर, १९५२ सालचं. आपल्या सैन्याची जुनी एसएलआर ज्या ७.६२ मिलिमीटर काडतुसावर चालायची, त्याचा हा बिनलष्करी जुळा भाऊ. दुसरं .३०० विंचेस्टर मॅग्नम, १९६३ सालचं, दारू भरपूर आणि धक्काही भरपूर. तिसरं ६.५ क्रीडमूर, २००७ सालचं, सगळ्यांत धाकटं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर क्रीडमूर नावाचं नेमबाजीचं मैदान होतं. १८७४ मध्ये तिथे आयरिश आणि अमेरिकन संघांचा गाजलेला सामना झाला. त्या मैदानाचं नाव या काडतुसाला दिलं आहे.

आधी पाटीचं बघू. हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, गोळी खाली किती पडणार हा प्रश्न लोकांना भयंकर वाटतो. क्रीडमूरची गोळी पंचवीस फुटांच्या आसपास पडते, .३०८ ची त्याहून बरीच जास्त. पण गुरुत्वाकर्षण प्रामाणिक आहे. ते काल होतं तेवढंच आज असतं, त्याचा हिशेब कागदावर होतो, दुर्बिणीच्या चकतीचे आकडे फिरवले की काम झालं. बेइमान असतो तो वारा. तो तुमच्यापाशी एक, मधल्या दरीत दुसरा आणि पाटीपाशी तिसराच असतो. ताशी दहा मैलांचा आडवा वारा धरला, तर .३०८ ची नेहमीची १६८ ग्रेनची स्पर्धेची गोळी हजार यार्डांवर साधारण नऊ फूट बाजूला जाते. क्रीडमूरची १४० ग्रेनची गोळी सहा फुटांच्या आसपास. म्हणजे वाऱ्याचा अंदाज एक-पंचमांशाने चुकला, तर एकाची चूक जवळजवळ दोन फुटांची, दुसऱ्याची सव्वा फुटाची. तुमचं अज्ञान तेवढंच, पण त्याचा दंड कमी.

असं का होतं? दोन्ही गोळ्या नळीतून साधारण सारख्याच वेगाने निघतात, सेकंदाला आठशे मीटरच्या थोडं वर. फरक अंगकाठीत आहे. क्रीडमूरची गोळी सडपातळ आणि लांब. हवा कापत जाते, वेग टिकवते. अशी लांब गोळी स्थिर राहायला जोराने गिरकी घ्यावी लागते. म्हणून क्रीडमूरच्या नळीतले आटे बहुधा दर आठ इंचांना एक फेरा देतात, तर .३०८ च्या जुन्या रायफलींत तो फेरा दहा किंवा बारा इंचांना असतो. थोडक्यात, काडतूस निवडणं म्हणजे नळीही निवडणं. शिवाय १६८ ग्रेनची ती गोळी हजार यार्डांच्या अलीकडेच ध्वनीच्या वेगाजवळ येते आणि तिथे भोवऱ्यासारखी डुगडुगू लागते. तेव्हा पाटीपुरता निकाल सोपा आहे. क्रीडमूर सरस.

(एक गंमत सांगतो. आपल्या कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकला. त्या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. काडतूस सगळ्यांचं एकच, .२२. तरीही या खेळात काडतुसाच्या एकेका 'लॉट'ची आपल्या नळीत चाचणी घेऊनच खरेदी होते. नाव तेच, कारखाना तोच, तरी या खेपेचा माल माझ्या नळीला मानवतो आणि त्या खेपेचा मानवत नाही!)

आता प्राणी. इथे प्रश्नच बदलतो. पाटीवर गोळी पोचली की काम संपलं. प्राण्यावर पोचली की काम सुरू होतं. गोळीने आत जाऊन पसरायला हवं, पण तुकडे न होता हृदय-फुप्फुसांपर्यंत पोचायलाही हवं. स्पर्धेची गोळी यासाठी बनवलेलीच नसते. १९४६ साली जॉन नॉस्लर नावाचा एक अमेरिकन शिकारी ब्रिटिश कोलंबियात मूसच्या मागे गेला होता. मूस म्हणजे घोड्याएवढं हरीण. त्याच्याकडे जोरदार मॅग्नम काडतूस होतं, पण गोळ्या चिखलाने माखलेल्या कातडीपाशीच फुटू लागल्या, आत जाईनात. घरी येऊन त्याने गोळीच नवी घडवली. तिच्या पोटात धातूचा आडपडदा ठेवला, म्हणजे पुढचा अर्धा भाग पसरेल आणि मागचा शाबूत राहून आत शिरेल. तीच 'पार्टिशन' गोळी, आजही विकली जाते. त्याच्या काडतुसात जोर कमी नव्हता. खोट गोळीत होती. दुकानात मात्र लोक पहिल्यांदा काडतुसाचं नाव विचारतात आणि गोळी कोणती हे शेवटी, जमलं तर.

कायदा याबाबत काय म्हणतो? कोलोरॅडोत एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेनची आणि शंभर यार्डांवर किमान १००० फूट-पाउंड ऊर्जेची लागते. जर्मनीत रानडुक्कर किंवा मोठ्या हरणासाठी किमान ६.५ मिलिमीटर आणि शंभर मीटरवर २००० ज्यूल. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीत शिशाची गोळी चालत नाही, कारण शिसं मेलेल्या जनावरातून काँडोर गिधाडांच्या पोटात जातं. त्यामुळे तिथला माणूस तांब्याच्या गोळीपासून विचार सुरू करतो. हे सगळे आकडे म्हणजे उंबरठे आहेत. उंबरठा ओलांडला म्हणजे घर चांगलंच निघेल असं नाही. एल्कला १५०० फूट-पाउंड हवेत, असा एक जुना ठोकताळाही शिकाऱ्यांत आहे. क्रीडमूर तीनशे ते चारशे यार्डांच्या मध्ये कुठेतरी त्याच्या खाली उतरतं, मॅग्नम त्याच्या कितीतरी पुढे टिकतं. मी या ठोकताळ्याला फार मानत नाही. डब्ल्यू. डी. एम. बेल या शिकाऱ्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यातले बरेचसे ७ मिलिमीटरच्या हलक्या काडतुसाने. पण त्याला हत्तीची शरीररचना तोंडपाठ होती, आणि तो जवळ जायचा. बेलचं नाव सांगून हलकं काडतूस घेणारे हा दुसरा भाग विसरतात.

भाच्याने माझं व्याख्यान ऐकून क्रीडमूर घेतलं. पाट्यांवर हात उत्तम बसला. त्या पानगळीत त्याने साडेचारशे यार्डांवरच्या एका एल्कवर गोळी झाडली. अंतर यंत्राने मोजलेलं, वारा जवळजवळ नाही, गोळी शिकारीची. आणि घोडा दाबता दाबता एल्कने पाऊल उचललं. साडेचारशे यार्ड जायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. चालता एल्क तेवढ्यात दोन फूट पुढे जातो. छातीवर धरलेली गोळी पोटात लागली. अंधार पडेपर्यंत ते दोघं मित्र रक्ताच्या थेंबांमागे फिरले, रात्री थांबले, दुसऱ्या दिवशी सकाळी तो एल्क एका ओढ्याच्या काठी सापडला. जिवंत होता. फोनवर हे सांगताना भाचा मधेच गप्प झाला, आणि मीही काही बोललो नाही.

नंतर त्याने विचारलं, "मॅग्नम असतं तर?" मी रात्री हिशेब करून पाहिला. मॅग्नमची गोळी जरा लवकर पोचली असती, काही इंचांचा फरक पडला असता. गोळी तरीही पोटातच गेली असती. ही चूक कुठलंही काडतूस दुरुस्त करत नाही, कारण ती नेमात नव्हती आणि जोरातही नव्हती. ती अंतरात होती. पाटी पाऊल उचलत नाही. मैदानावर हजार यार्ड साधणाऱ्या काडतुसाने त्याला रानातलं साडेचारशे जवळ वाटायला लावलं. माझाही त्यात वाटा आहे. मी त्याला वाऱ्याचा सगळा हिशेब समजावला होता, वेळेचा नाही.

मग मॅग्नम का नको, याचं दुसरं कारण माझ्या उजव्या खांद्याला ठाऊक आहे. कॉलेजात एनसीसीत आम्हाला .३०३ मिळायची. पहिल्या पाच गोळ्यांनंतर मी सहाव्या वेळी घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागलो. हवालदार साहेबांनी गुपचूप रिकामी रायफल हातात दिली, तर घोडा दाबताना माझी नळी चांगली वीतभर हलली, आणि सगळी पलटण हसली. .३०० मॅग्नमचा धक्का क्रीडमूरच्या जवळपास दुप्पट. ज्याला तो झेपतो त्याने जरूर घ्यावं. पण वर्षाला वीस गोळ्या झाडणाऱ्याला तो सहसा झेपत नाही. शिवाय महागडं काडतूस माणूस सरावाला झाडत नाही, हेही आहेच.

भाच्याने शेवटी रायफल तीच ठेवली. काडतुसं मात्र दोन वेगळ्या डब्यांत ठेवतो: पाटीसाठी १४० ग्रेनची स्पर्धेची, रानासाठी आडपडदा असलेली. दोन्ही वेगवेगळी पडतात, म्हणून दोन्हींचे आकडे त्याने मैदानावर झाडून स्वतः लिहून काढलेत. दोन हंगाम त्याने परवानाच काढला नाही. तिसऱ्या वर्षी रानात गेला तेव्हा रायफलीच्या दस्त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून तीवर २५० लिहिलं होतं. त्या खेपेला एक चांगला नर तीनशे दहावर उभा होता. तासभर वाकून वाकून जवळ जायचा प्रयत्न केला, वारा फिरला, नर निघून गेला. भाचा मोकळ्या हाताने घरी आला आणि मला फोन केला, तेव्हा आमच्याकडे पहाट होती.

प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेत कुणीतरी मघापासून हात वर करून बसलंय.