मुख्य विषय आणि जोडीचा विषय

पदवीसाठी एक विषय मुख्य घ्यावयाचा आणि दुसरा त्याच्या जोडीला घ्यावयाचा, ही कल्पना आपल्याकडे काल-परवा आली असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. पुणे विद्यापीठाच्या बी.ए.ला ‘स्पेशल’ आणि ‘जनरल’ हे शब्द कित्येक पिढ्यांच्या तोंडी होते. नवे आहे ते इतकेच की, जोडीच्या विषयाला आता स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र मोजमाप मिळाले. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर केले. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याबरहुकूम पदवीचा आराखडा काढला. महाराष्ट्रात तो २०२३-२४ साली स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाला. तेव्हापासून ‘मेजर’ आणि ‘मायनर’ हे शब्द चाळीच्या गॅलरीतही ऐकू येऊ लागले आहेत.

मायनरला काही ठिकाणी ‘गौण विषय’ म्हणतात. हा शब्द आम्हांस मुळीच पसंत नाही. सरकारी दप्तरात वाळू आणि मुरूम यांनाही ‘गौण खनिज’च म्हणतात, आणि त्या गौण वस्तूवरून आपल्या नद्यांच्या काठी काय काय घडते ते सर्वांस ठाऊक आहे! नावात गौण असले म्हणजे परिणामात गौण असते असे नाही. आम्ही या लेखात ‘जोडविषय’ म्हणू.

प्रथम त्याचे माप पाहू. शिक्षणाचे माप आता ‘श्रेयांक’ या एककात होते. वर्गात पंधरा तास शिकविले म्हणजे एक श्रेयांक. प्रयोगशाळेतले काम असेल तर तीस तासांचा एक. आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांची पदवी किमान १२० श्रेयांकांची, चार वर्षांची १६० ची. त्यांपैकी जोडविषयाच्या वाट्याला तीन वर्षांत २४ आणि चार वर्षांत ३२ येतात. विद्यापीठागणिक हा आकडा थोडा कमी-जास्त होतो. चोवीस श्रेयांक म्हणजे वर्गातले ३६० तास. आमच्या हिशेबाने आठ तासांच्या पंचेचाळीस पाळ्या. त्यांतही किमान निम्मे, म्हणजे बारा श्रेयांक, नेमक्या त्या जोडविषयाचे असले पाहिजेत; बाकीचे इतर विषयांतून घेता येतात. अर्थशास्त्र मुख्य घेणाऱ्याने संख्याशास्त्राचे बारा श्रेयांक मिळविले तर त्याची पदवी ‘संख्याशास्त्र जोडविषयासह अर्थशास्त्र’ अशी होते, असे उदाहरण खुद्द आयोगानेच दिले आहे.

पंचेचाळीस पाळ्यांत माणूस कसबी होत नाही. पण कारखान्यात नवा आलेला माणूस पंचेचाळीस पाळ्यांत यंत्राची नावे शिकतो, कुठे हात घालू नये ते शिकतो, आणि जाणत्या माणसाला नीट प्रश्न विचारण्याइतका तयार होतो. जोडविषयाकडून एवढीच अपेक्षा धरावी, आणि एवढी मात्र अवश्य धरावी.

आता हा विषय प्रत्यक्षात निवडला कसा जातो? जून-जुलैत आमच्या युनियनच्या कार्यालयात कामगारांची मुले प्रवेशाचे कागद घेऊन येतात. घरात कॉलेजात जाणारे ते पहिलेच असते, विचारावे कोणाला? मुख्य विषय त्यांनी काहीतरी विचार करून ठरविलेला असतो. जोडविषयाचे विचारले की उत्तर येते, “काका, मैत्रिणीनं मानसशास्त्र घेतलं, म्हणून मीपण.” दुसरा सांगतो, त्या विषयाचे तास सकाळी लवकर संपतात. तिसऱ्याला कोणीतरी सांगितलेले असते की अमक्या विषयात गुण सैल हाताने देतात. यांपैकी तासांचे कारण आम्ही हसण्यावारी नेत नाही. दुपारी दुकानात काम करून फी भरणाऱ्या मुलाला वेळापत्रक हा चैनीचा प्रश्न नसतो. पण तेच एकमेव कारण असू नये.

जोडविषयाने काय साधते याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या घरचेच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. तेथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम केले. त्याशिवाय इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४. हे शिक्षण पदव्युत्तर होते आणि माणूसही असामान्य होता, हे मान्य. तरी आकड्यांकडे पाहावे. एकोणतीसांपुढे चार म्हणजे काय? पण ९ मे १९१६ रोजी ‘भारतातील जाती’ हा निबंध त्यांनी वाचला तो डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. अर्थशास्त्राने त्यांना १९२३ चा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ दिला. जातीच्या प्रश्नाला हात घालण्यासाठी जे वेगळे हत्यार लागत होते, ते मात्र त्या चार अभ्यासक्रमांच्या शेजारी सापडले. मुख्य विषयाच्या खिडकीतून जी बाजू दिसत नाही, ती दाखविणारी दुसरी खिडकी असावी, ती अशी.

म्हणून निवडताना पहिला प्रश्न असा करावा की, माझ्या मुख्य विषयाला कोणते हत्यार कमी आहे? काही विषय मजकुराचे असतात, काही हत्यारांचे. अर्थशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र, समाजशास्त्र यांच्याजवळ मजकूर भरपूर असतो, पण मोजण्याची वेळ आली की संख्याशास्त्रावाचून त्यांचे हात बांधले जातात. मराठ्यांच्या इतिहासाचा विद्यार्थी फारसी आणि मोडी यांवाचून दुसऱ्याने वाचून दिलेल्या कागदांवरच विसंबतो. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल त्याच्यापुढे सोडून ठेवले तरी त्याला ते मुकेच.

संख्याशास्त्राविषयी आम्ही थोडे अधिक सांगणार आहोत, कारण त्याच्यावर कामगाराची भाकरी तोलली जाते. महागाई भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो. कामगार कुटुंब कोणत्या वस्तूंवर किती खर्च करते हे पाहून एक टोपली ठरवितात. एका वर्षी तिची जी किंमत असेल ती शंभर धरतात. आणि पुढे तीच टोपली कितीला पडते ते दरमहा मोजतात. काही वर्षांनी टोपली जुनी होते. लोक नव्या वस्तू घेऊ लागतात, म्हणून नवे पायाभूत वर्ष धरावे लागते. लेबर ब्युरोने २०२० साली २००१ चा पाया सोडून २०१६ चा धरला. मग जुन्या करारांचे काय? त्यांत तर जुन्या अंकांनी भत्ता लिहिलेला. त्यासाठी नव्या अंकाला २.८८ ने गुणून जुना अंक काढावयाचा असे ठरले. याला जोड-गुणक म्हणतात.

आता नवा अंक १२० आहे असे धरा. २.८८ ने गुणले की ३४५.६ होतात. गुणक २.८० असता तर ३३६. फरक ९.६ अंकांचा. करारात दर अंकाला दोन रुपये भत्ता धरला तर माणशी महिन्याला १९ रुपये २० पैसे. कागदावर ही रक्कम कोणाच्या नजरेतही भरत नाही. पण हजार कामगारांच्या कारखान्यात तेच वर्षाला २ लाख ३० हजार ४०० रुपये होतात. दशांश चिन्हापुढील दोन आकड्यांचा हा प्रताप!

हे नुसते कल्पनेतले नाही. १९६३ साली निर्देशांकच चुकीचा आहे अशी तक्रार करीत मुंबईचे कामगार रस्त्यावर उतरले. महाराष्ट्र सरकारने अर्थशास्त्राचे प्राध्यापक डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. समितीला निर्देशांकात खरोखरच दोष सापडले, आणि अंक वाढवून घ्यावा लागला. मोर्चाने समिती नेमविली, हे आम्ही अभिमानाने सांगू. परंतु समितीच्या टेबलावर घोषणा चालत नाहीत. तेथे टोपलीतील कोणत्या वस्तूला किती भार दिला हे उलगडून सांगणारा माणूस लागतो. अर्थशास्त्राच्या नुसत्या व्याख्या पाठ केलेला पदवीधर तेथे गप्प बसतो.

हत्याराचा उपयोग उलट दिशेनेही होतो. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्राचीन आहत नाणी तराजूत घालून तोलली. नाणे हातोहात फिरले की झिजते, या साध्या गोष्टीवर संख्याशास्त्राचे नियम चालवून त्यांनी त्या नाण्यांचा कालक्रम लावण्याचा यत्न केला, आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. ज्याचा मुख्य विषयच हत्याराचा आहे, त्याने जोडविषय मजकुराचा घ्यावा. गणिताच्या मुलाने भूगोल किंवा अर्थशास्त्र घेतले तर त्याला आपले गणित चालविण्यास रान मिळते.

फार जवळचा विषय घेतला तर तेच ते दळण होते. दोन्हीकडे तीच पुस्तके, तसेच निबंध, आणि तीन वर्षांनी माणूस एकाच वाटेने दोनदा चालल्यासारखा. फार लांबचा घेतला तर एक ना धड, भाराभर चिंध्या. पण लांबच्याला आमचा सरसकट विरोध नाही. रसायनशास्त्राच्या मुलाला नाट्यशास्त्राची ओढ असेल आणि ती ओढ खरी असेल, तर त्याला अडवू नये. कामगाराच्या मुलाने मात्र उपयोगाचेच शिकावे आणि आवडीचे शिकणे इतरांनी करावे, ही विभागणी आम्हांस कधीच मान्य झालेली नाही.

संगणकाचे मात्र वेगळे. ‘कॉम्प्युटरचा मायनर घेतला की नोकरी हमखास’ असे आश्वासन हल्ली ठिकठिकाणी दिले जाते. वर सांगितलेल्या पंचेचाळीस पाळ्या आठवाव्यात. तेवढ्यात कोणी प्रोग्रॅमर होत नाही. वाणिज्याच्या मुलीला हिशेबाच्या प्रणालीत आतून काय चालते ते कळू लागले तर तो मोठाच लाभ आहे. पण नोकरी तिला वाणिज्यावर मिळेल, आणि संगणकामुळे ती तेथे टिकेल व वर चढेल.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. संख्याशास्त्रासारख्या विषयाला बहुतेक ठिकाणी बारावीपर्यंतचे गणित लागते, आणि कलाशाखेकडे वळलेल्या मुलांनी ते दहावीलाच सोडलेले असते. तेव्हा जोडविषयाचा विचार खरे म्हणजे अकरावीतच सुरू व्हावयास हवा. वेळ निघून गेली असेल तर आयोगाने मोकळे ठेवलेले उरलेले श्रेयांक आहेत. त्यांतून आकडेवारी वाचण्याचा एखादा प्राथमिक अभ्यासक्रम पदरात पाडून घ्यावा.

माहितीपुस्तिकेत विषयांची यादी लांबलचक असते. तिच्यावर भाळू नये. तो विषय शिकविणारा प्राध्यापक कायम आहे की तासिका तत्त्वावरचा आहे, हे चौकशी करून पाहावे. महाराष्ट्रात प्राध्यापकांच्या अनेक जागा रिकाम्या आहेत, आणि वर्षानुवर्षे तासांच्या मजुरीवर शिकविणारी विद्वान माणसे आमच्या कंत्राटी कामगाराहून फारशा वेगळ्या स्थितीत नाहीत. मुख्य विषयाचा विभाग सहसा बंद पडत नाही. जोडविषयाचा एकुलता एक शिक्षक दुसरीकडे गेला की मुलांना सांगतात, आता हा नाही, तो घ्या. या प्रश्नावर प्राध्यापकांच्या संघटना लढतात तेव्हा विद्यार्थ्यांच्या पालकांनी ‘त्यांच्या पगाराचे भांडण’ म्हणून दूर राहू नये; आपल्या मुलीचा जोडविषयही त्या भांडणात आहे. त्याचबरोबर तो विषय अनुदानित तुकडीत आहे की विनाअनुदानित, आणि त्याची फी वेगळी आहे काय, हेही कार्यालयात विचारून लिहून घ्यावे.

पुष्कळांना ठाऊक नसलेला एक लाभ आहे. जून २०२४ मध्ये आयोगाने पदव्युत्तर शिक्षणाचा जो आराखडा काढला, त्याप्रमाणे विद्यार्थी आपल्या मुख्य किंवा जोडविषयापैकी कोणत्याही विषयात एम.ए. किंवा एम.एस्सी.ला पात्र ठरतो. त्या दोहोंबाहेरचा विषय हवा असेल तर त्या विषयाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. याचा अर्थ, सतराव्या-अठराव्या वर्षी निवडलेला मुख्य विषय पुढे नकोसा झाला तरी जोडविषयाचे दार उघडे राहते. विद्यापीठ त्यासाठीही प्रवेशपरीक्षा ठेवू शकते. तेव्हा ज्या विद्यापीठात जावयाचे त्याचा नियम वाचावा.

शेवटी ज्यांना मध्येच शिक्षण सोडावे लागते त्यांच्याविषयी. नव्या व्यवस्थेत एका वर्षानंतर ४० श्रेयांकांवर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर ८० वर पदविका घेऊन बाहेर पडता येते. दोन्ही वेळा चार श्रेयांकांचे व्यवसायकौशल्याचे काम पूर्ण करावे लागते. परत येण्यास तीन वर्षांची मुदत आहे, आणि सात वर्षांत पदवी पुरी करावी लागते. ही सवलत आहे खरी. पण बापाचा कारखाना बंद पडला की ती वापरणार कोण, हे आम्हांस चांगले माहीत आहे. जोडविषयाचे फळ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हाती लागते. पहिल्याच वर्षी निघून जाणाऱ्याच्या वाट्याला त्यातले जवळजवळ काहीच येत नाही. ज्याला जावेच लागते त्याने निघण्यापूर्वी २०२१ साली सुरू झालेल्या श्रेयांक बँकेत आपल्या नावावर काय जमा आहे ते तपासावे, जोडविषयाचे किती भरले ते वेगळे लिहून घ्यावे आणि त्या विषयाच्या अभ्यासक्रमाची प्रत जवळ ठेवावी. कारण दोन-अडीच वर्षांनी तो परत येईल तेव्हा त्याच कॉलेजात तोच विषय चालू असेलच असे नाही, आणि दुसऱ्या कॉलेजात आपला हिशेब त्यालाच मांडून दाखवावा लागेल.