मागितलेल्या पानाच्या शेजारी

विद्यापीठीय ग्रंथालयांतील जुन्या संग्रहाचा विषय निघाला की हस्तलिखिते आणि दुर्मिळ पहिल्या आवृत्त्या यांच्याकडेच सहसा लक्ष जाते; परंतु ज्याला निव्वळ चाळण्याचा आनंद हवा आहे, त्याच्यासाठी खरा ऐवज असतो तो नियतकालिकांच्या बांधीव खंडांचा, म्हणजे वर्षभराचे सुटे अंक एकत्र शिवून पुठ्ठ्याच्या बांधणीत घातलेल्या जाडजूड ग्रंथांचा. मराठीत नियतकालिकांची परंपरा बाळशास्त्री जांभेकरांच्या 1832 मधील ‘दर्पण’पासून सुरू होते, आणि 1867 मध्ये निघालेले ‘विविधज्ञानविस्तार’ तर सुमारे सात दशके चालले.

असे साहित्य सांभाळायला वास्तू लागते. मुंबई विद्यापीठ 1857 चे. त्याच्या ग्रंथालयाची इमारत मात्र कापसाच्या व्यापारात गडगंज झालेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभी राहिली. तिचा आराखडा मुंबईत कधीही न आलेल्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाने केला, बांधकाम 1878 मध्ये पुरे झाले आणि मनोऱ्याला प्रेमचंदांच्या मातोश्री राजाबाई यांचे नाव मिळाले. मनोऱ्यावरच्या घड्याळाची कीर्ती खालच्या पुस्तकांहून नेहमीच अधिक राहिली, हे मान्य करावे लागते.

बांधीव खंडाचे सुख शेजारात आहे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी आज सलग पुस्तकरूपाने वाचली जाते. मूळ वाचकाला मात्र ती 1890 मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून तुकड्यातुकड्याने, पुढच्या अंकाची वाट पाहत मिळाली, आणि प्रत्येक तुकड्याच्या आगेमागे चरित्रे, शास्त्रीय माहिती, स्फुट गोष्टी असा मजकूर होता. संगणकावरील शोध मागितलेले पान नेमके काढून देतो, पण त्या पानाचे शेजारी पुष्कळदा बाहेरच ठेवतो. खंड उलटताना ते टाळताच येत नाहीत.

‘साभार पोच’ हे असेच दुर्लक्षित सदर. संपादकाकडे आलेल्या पुस्तकांची त्यात केवळ नावे, लेखक आणि किंमत एवढीच नोंद असते, परंतु कोणत्याही वाङ्मयेतिहासात न आलेले लेखक येथे भेटतात. त्या नावांची पडताळणी करण्याचे साधनही सरकारदरबारी तयार झाले होते. 1867 च्या मुद्रणालय व पुस्तक नोंदणी कायद्यानुसार प्रत्येक प्रांतात छापल्या गेलेल्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या राजपत्रातून प्रसिद्ध होत, आणि त्यांत भाषा, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, किंमत, पुस्तक खिळ्यांवर छापले की शिळाछापावर, म्हणजे दगडावर मजकूर उतरवून, आणि मुख्य म्हणजे प्रती किती काढल्या, हे सारे नोंदलेले असे. प्रकाशकाने स्वखुशीने कधी न सांगितलेला प्रतींचा आकडा परक्या सरकारच्या नोंदणीत सापडावा, यात एक गंमत आहे.

खंड हाताळताना वयाचा अंदाज हमखास चुकतो. चिंध्यांपासून केलेल्या जुन्या कागदाची पाने दीडशे वर्षांनंतरही लवचीक राहतात. उलट पुढच्या काळातील लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद पिवळा पडून कोपऱ्यावर तुटतो, कारण त्यातील लिग्निन हा घटक हवेने व प्रकाशाने रंग बदलतो आणि शाई पसरू नये म्हणून घातलेल्या तुरटी-राळेमुळे कागदात आम्ल वाढत जाते. म्हणूनच 1870 चा अंक निर्धास्तपणे उलटता येतो आणि 1920 चा दोन्ही हातांनी जपावा लागतो.

सर्वांत मोठी हानी मात्र कसरीने किंवा वाळवीने नव्हे, तर बांधणीनेच केली. खंड शिवताना सुट्या अंकांची मुखपृष्ठे, मलपृष्ठे आणि जाहिरातींची पाने निरुपयोगी समजून काढून टाकण्याची पद्धत सर्रास होती. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने 1909 मध्ये काढलेला अंक मराठीतील पहिला दिवाळी अंक मानला जातो; असा विशेषांक वेष्टनाविना शिवला गेला की इतर महिन्यांच्या अंकांत मिसळून जातो, आणि औषधे, तेले, घड्याळे, पुस्तके यांच्या किमतींसह त्या काळचा बाजारही नाहीसा होतो. डिजिटल प्रतीही बहुधा अशाच खंडांवरून काढल्या जात असल्यामुळे ही उणीव त्यांच्यातही उतरते. एखाद्या बांधणीकाराने आळसापोटी वेष्टनासकट सारे अंक शिवून टाकले असतील, तर अभ्यासकाच्या दृष्टीने तोच संग्रहातील सर्वांत उपयोगी खंड ठरतो.