शालान्त परीक्षेनंतर

शालान्त परीक्षा उत्तीर्ण होतांच ‘आतां पुढें काय?’ हा प्रश्न नाशिकच्या घरोघरीं उभा राहतो. विद्यार्थिमित्रहो, अशा वेळीं आपल्याच जिल्ह्यांत, त्र्यंबकेश्वरीं, १८७० सालीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके आठवावे. १८८५ मध्यें ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. पुढें बडोद्याचें कलाभवन, छायाचित्रण, मुद्रण अशीं वळणें त्यांनीं घेतलीं. लोकांस हा मार्ग धरसोडीचा वाटावा! परंतु १९१३ सालीं, वयाच्या ४३ व्या वर्षीं, त्यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट पडद्यावर आणिला, तेव्हां त्या साऱ्या विद्या एकत्र फळास आल्या.

म्हणून पहिल्याच निवडीनें आयुष्य ठरतें, ही भीति सोडा. पालकांनींही धीर धरावा. मनोभावें संपादिलेली विद्या उशिरां फळेल, पण वायां जाणार नाहीं.