चार केंद्रके की आठ? अमीबाची ओळख आणि सूक्ष्मदर्शकाची मर्यादा

एखाद्याला आव पडू लागली, पोटात मुरडा येऊ लागला, की डॉक्टर त्याला शौचाची तपासणी करून आणायला सांगतात. पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावीही ही तपासणी होते. अहवालावर कधी ‘एंटामीबा हिस्टोलिटिका’ असे लांबलचक नाव असते, तर कधी ‘एंटामीबा कोलाय’. पहिला जीव आमांश घडवून आणू शकतो, म्हणून त्यावर औषध द्यावे लागते. दुसरा निरुपद्रवी आहे. त्याच्यासाठी औषधाची गरज नसते. दोघेही नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, दोघेही मोठ्या आतड्यात राहणारे. मग तपासणारा त्यांना वेगळे ओळखतो तरी कसे? आणि ही ओळख नेहमीच पटते का?

मी भौतिकशास्त्र शिकवतो. अमीबाशी माझा काय संबंध, असे तुम्हांला वाटेल. पण ही ओळख भिंग, प्रकाश आणि मोजपट्टी यांवरच उभी आहे, हे पुढे तुमच्या ध्यानात येईल.

एक जीव, दोन रूपे

पाठ्यपुस्तकातला अमीबा डबक्यात राहतो. हिवरा नदीच्या साचलेल्या पाण्यातही तो सापडू शकेल. तो स्वतंत्रपणे जगतो. आपण ज्यांच्याविषयी बोलत आहोत ते अमीबा मात्र परजीवी आहेत. त्यांची दोन रूपे असतात. एक हालतेचालते रूप. ते छद्मपाद पुढे करून सरकते, खाते आणि वाढते. दुसरे रूप म्हणजे पुटी. यात अमीबा गोल होऊन स्वतःभोवती टणक कवच तयार करतो. पुटी शौचावाटे बाहेर पडते आणि दूषित पाणी, न धुतलेली भाजी किंवा अस्वच्छ हात यांमार्फत दुसऱ्याच्या पोटात जाते. पिण्याच्या पाण्यात नेहमी घालतात तेवढ्या क्लोरीनने ती हमखास मरत नाही. पाणी उकळले की मरते.

१८७० च्या सुमारास कोलकात्यात टिमथी लुइस आणि डेव्हिड कनिंगहॅम या डॉक्टरांना माणसाच्या शौचात अमीबा दिसले होते. १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे फ्योडोर ल्योश यांनी आमांशाच्या एका रोग्यात अमीबा पाहून त्यांचे सविस्तर वर्णन केले. १९०३ मध्ये फ्रिट्झ शाउडिन यांनी ‘हिस्टोलिटिका’, म्हणजे ऊती विरघळवणारा, हे नाव दिले. नाव सार्थ आहे. हा अमीबा आतड्याच्या अस्तरात घुसून जखमा करतो आणि क्वचित रक्तावाटे यकृतात जाऊन तेथे गळू करतो. कोलाय हा अमीबा मात्र आतड्यातील जीवाणू खाऊन स्वस्थ राहतो. (वर्तमानपत्रांत ‘ई. कोलाय’ असे नाव येते, तो एक जीवाणू आहे. त्याचा या अमीबाशी संबंध नाही.)

आधी मोजा, मग नाव द्या

सूक्ष्मदर्शकातून पाहताना पहिला प्रश्न असा, की दिसते आहे ते केवढे आहे? येथे मिलिमीटर फार मोठा पडतो. त्याचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन, किंवा आजच्या भाषेत मायक्रोमीटर. हिस्टोलिटिकाची पुटी बहुधा १२ ते १५ मायक्रॉन व्यासाची असते, कोलायची बहुधा १५ ते २५. आणखी एक निरुपद्रवी अमीबा आहे, एंटामीबा हार्टमनाय. त्याची पुटी हुबेहूब हिस्टोलिटिकासारखी, पण आकाराने १० मायक्रॉनपेक्षा लहान. म्हणजे ज्याने मोजले नाही, तो येथे फसलाच म्हणून समजा!

मोजायचे कसे? नेत्रिकेत बारीक रेघांची एक काचेची पट्टी बसवतात. पण तिच्या एका भागाची किंमत आधी ठाऊक नसते. पदार्थभिंग बदलले की ती बदलते. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली दुसरी पट्टी ठेवतात. तिच्यावर एका मिलिमीटरचे १०० सारखे भाग पाडलेले असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉनचा. समजा, नेत्रिकेतील ४० भाग खालच्या पट्टीच्या १० भागांशी बरोबर जुळले. खालचे १० भाग म्हणजे १०० मायक्रॉन. म्हणून नेत्रिकेचा एक भाग १०० भागिले ४०, म्हणजे २.५ मायक्रॉन. आता पुटीने ५ भाग व्यापले, तर तिचा व्यास १२.५ मायक्रॉन. ३ भाग व्यापले, तर ७.५ मायक्रॉन, येथे हार्टमनायचा संशय घ्यायचा. व्हर्निअर कॅलिपरचे लघुतम माप काढण्याइतकेच हे गणित सोपे आहे.

केंद्रके मोजताना

दुसरी खूण म्हणजे केंद्रकांची संख्या. पूर्ण वाढलेल्या हिस्टोलिटिकाच्या पुटीत चार केंद्रके असतात, कोलायच्या पुटीत आठ. कोवळ्या पुट्यांत ती कमी असतात, म्हणून एकच पुटी पाहून निकाल द्यायचा नसतो.

पुटी काचेसारखी पारदर्शक असते. तिचा आणि भोवतालच्या पाण्याचा वक्रीभवनांक यांत फरक थोडा, म्हणून आतले केंद्रक डोळ्यांत भरत नाही. त्यासाठी आयोडीनचा पातळ द्राव वापरतात. पुटी पिवळसर होते आणि केंद्रके उठून दिसतात.

तरी एक अडचण उरते. पुटी १२ मायक्रॉन जाड, आणि ४० पट पदार्थभिंगाखाली एका वेळी जेमतेम एक-दोन मायक्रॉन जाडीचा थरच स्पष्ट दिसतो. चारही केंद्रके एकाच थरात असतील असे थोडेच आहे? त्यामुळे सूक्ष्म समायोजनाचा स्क्रू हळूहळू फिरवत वरपासून खालपर्यंत जावे लागते, एखाद्या इमारतीचे मजले मोजावेत तसे.

तिसरी खूण केंद्रकाच्या आत आहे. हिस्टोलिटिकाच्या केंद्रकात मधोमध एक बारीक ठिपका असतो; कोलायमध्ये तो मोठा आणि बहुधा एका बाजूला सरकलेला असतो. बारीक ठिपका अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतो. नेहमीच्या ४० पट भिंगाची पृथक्करणक्षमताही सुमारे तेवढीच, म्हणजे त्याहून जवळचे दोन बिंदू ते वेगळे दाखवू शकत नाही. म्हणून १०० पट भिंग वापरतात आणि त्याच्या व काचेच्या मध्ये तेलाचा थेंब सोडतात. या तेलाचा वक्रीभवनांक काचेइतकाच, सुमारे १.५२ असतो. त्यामुळे हवेत शिरताना जे तिरपे किरण बाहेर वळून वाया गेले असते, ते भिंगात शिरतात, आणि पाव मायक्रॉनच्या आसपासचा तपशील दिसू लागतो.

हालता अमीबा

रोग जोरात असेल तेव्हा शौचात हालते अमीबा सापडतात. ते फार काळ टिकत नाहीत, म्हणून नमुना अर्ध्या तासाच्या आत पाहायचा असतो, तोही ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात. हिस्टोलिटिका स्वच्छ, पारदर्शक छद्मपाद झटकन पुढे करतो आणि एका दिशेने जातो. कोलाय जागच्या जागी रेंगाळतो. सर्वांत मोलाची खूण म्हणजे अमीबाच्या पोटात गिळलेल्या तांबड्या रक्तपेशी. मात्र येथेही सावध राहायला हवे. आपल्याच शरीरातील काही मोठ्या भक्षक पेशी तांबड्या पेशी गिळतात आणि अमीबासारख्या दिसतात. त्यांचे केंद्रक पाहिल्याशिवाय निर्णय देता येत नाही.

जेथे भिंग थांबते

एवढे सगळे नीट पाहिले, मोजले, तरी एक कोडे उरले. १९१३ मध्ये वॉकर आणि सेलर्ड्स यांनी फिलिपिन्समधील कैद्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. हिस्टोलिटिकाच्या पुट्या २० जणांना दिल्या. १८ जणांच्या आतड्यात अमीबा वाढले, पण आमांश झाला फक्त चौघांना. बाकीचे का वाचले? १९२५ मध्ये एमिल ब्रुम्प्त या फ्रेंच शास्त्रज्ञाने सांगितले, की चार केंद्रकांची पुटी असणाऱ्या अमीबाच्या दोन जाती असाव्यात: एक घातक, एक निरुपद्रवी. निरुपद्रवी जातीला त्याने ‘डिस्पार’ असे नाव दिले. पण भिंगाखाली दोन्ही अगदी सारख्या. त्यामुळे त्याचे म्हणणे फारसे कोणी मानले नाही.

पुढे उत्तर निघाले तेही भौतिकीच्या एका साधनाने. १९७८ मध्ये सार्जंट आणि विल्यम्स यांनी निरनिराळ्या अमीबांमधील विकरे घट्ट केलेल्या स्टार्चच्या थरात ठेवून त्यातून विद्युतप्रवाह सोडला. घातक अमीबांची काही विकरे एका अंतरावर जाऊन थांबली, निरुपद्रवींची दुसऱ्या. १९९३ मध्ये डायमंड आणि क्लार्क यांनी या दोन स्वतंत्र जाती असल्याचे सविस्तर मांडले. १९८० च्या दशकात असा अंदाज होता, की जगातील सुमारे ५० कोटी लोकांच्या आतड्यात हिस्टोलिटिका असावा. त्यांतील बहुतेकांच्या पोटात खरे म्हणजे डिस्पार होता!

आपल्या देशातही या प्रश्नावर काम झाले आहे. पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेतून कृष्णा खैरनार आणि सुभाषचंद्र परिजा यांनी २००७ मध्ये डीएनएवर आधारित एक चाचणी प्रसिद्ध केली. हिस्टोलिटिका, डिस्पार आणि तसाच दिसणारा मोश्कोव्स्काय, या तिघांना ती एकाच चाचणीत वेगळे ओळखते. हेच खैरनार पुढे नागपूरच्या नीरी संस्थेत आले आणि २०२१ मध्ये मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून कोरोनाची तपासणी करण्याची रीत त्यांनी विकसित केली.

म्हणून १९९७ पासून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, की नुसती चार केंद्रकांची पुटी दिसली तर अहवालात ‘हिस्टोलिटिका किंवा डिस्पार’ असे लिहावे, आणि कोणताही त्रास नसलेल्या माणसाला केवळ तेवढ्यावरून औषध देऊ नये. ‘दोहोंपैकी एक’ असे लिहिणे हा तपासणाऱ्याचा कमीपणा नाही. आपल्या उपकरणाला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे ठाऊक असलेल्या माणसाचे ते उत्तर आहे.

मित्रांनो, शौचाचा नमुना घेऊन घरी किंवा शाळेत प्रयोग करू नका. ते काम प्रयोगशाळेचे. पण मोजण्याचा सराव तुम्हांला करता येईल. शिक्षकांकडून नेत्रिकेची पट्टी मागून घ्या, तिच्या एका भागाची किंमत वर सांगितल्याप्रमाणे काढा आणि डोक्याच्या एका केसाची जाडी मोजा. मग तीच मोजणी दुसऱ्या पदार्थभिंगाखाली करून पाहा. दोन्ही उत्तरे जुळली, तर तुमच्या मोजमापावर विश्वास ठेवायला हरकत नाही.